मिळकत, वारस आणि हरपलेली स्मृती

इ. स. १८१६ च्या मार्च महिन्यात नागपूरचे दुसरे रघूजी भोसले मृत्यू पावले. त्यांच्या मागे राज्य होते, खजिना होता, फौज होती आणि औरस पुत्रही होता. परंतु तो पुत्र परसोजी दृष्टीने अधू, शरीराने पांगळा व बुद्धीने दुर्बल होता. गादीवर त्याचाच हक्क आहे ह्याविषयी कोणाचा वाद नव्हता. गादीचा कारभार त्याला झेपणार नाही ह्याविषयीही वाद नव्हता. वाद होता तो एवढाच की, त्याच्या नावाचा शिक्का कोणी चालवावा.

आज पांढुर्णा जिल्हा म्हणून ओळखला जाणारा मुलूख त्या वेळी ह्याच भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. सातपुड्याच्या घाटाखाली वसलेली पांढुर्णा व सौंसर ही गावे देवगडच्या गोंड राजांकडून भोसल्यांकडे आली, १८५४ मध्ये नागपूर खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेली, १८६१ पासून मध्य प्रांतात राहिली व १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या पुनर्रचनेतही मध्य प्रदेशातच ठेवली गेली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून अलग होऊन ह्या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, कचेऱ्यांची भाषा बदलली. बहुतेक घरांतील भाषा मात्र मराठीच राहिली. आणि परसोजीच्या गादीसंबंधाने जो प्रश्न नागपूरच्या वाड्यात उभा राहिला, तोच आज ह्या मुलखातील एखाद्या वृद्ध संत्रा-बागायतदाराच्या ओसरीवर उभा राहतो. मिळकत ज्याची, त्यालाच तिचे भान उरले नाही, तर तिची व्यवस्था कोणी व कोणत्या अधिकाराने करावयाची?

नागपुरात ह्या प्रश्नाचा निकाल बळाने लागला. एका बाजूस रघूजींच्या राणी बाकाबाई व धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूस रघूजींचे पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. दोन्ही पक्षांना परसोजी हवा होता; कारण परसोजी ज्याच्या ताब्यात, राज्य त्याच्या ताब्यात. एप्रिल महिन्यात आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केले आणि परसोजीचे पालक म्हणून सर्व मुखत्यारी आपल्या हाती घेतली. मे १८१६ मध्ये त्याच अधिकाराने त्यांनी इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स ह्याच्याशी तैनाती फौजेचा तह केला. दुसऱ्या रघूजींनी जो तह अखेरपर्यंत टाळला, तो त्यांच्या निधनानंतर सुमारे दोन महिन्यांतच झाला; आणि तोही अशा राजाच्या नावाने, ज्याला त्या तहाचा अर्थ कळणे शक्य नव्हते.

१८१७ च्या फेब्रुवारीच्या आरंभी परसोजी आपल्या अंथरुणात मृत आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे गेलेले होते. परसोजीच्या मागे गादीचे वारस तेच होते व त्याप्रमाणे ते गादीवर आले. पुढे सीताबर्डीची लढाई झाली, १८१८ मध्ये आप्पासाहेब इंग्रजांचे कैदी झाले, कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरांत शिरले. परसोजीचा वध त्यांच्याच प्रेरणेने झाला असा आरोप इंग्रजांनी त्यांच्यावर ठेवला. आरोप ठेवणारे त्यांचे शत्रू होते ही गोष्ट विसरता येत नाही; तथापि ज्याला मृत्यूपासून लाभ, त्याच्याच हाती जीविताचे रक्षण, ही त्या व्यवस्थेतील मूळची विसंगती कोणालाही नाकारता येणार नाही.

ह्या विसंगतीची जाणीव आपल्या धर्मशास्त्रकारांना नव्हती असे नाही. मनुस्मृतीने कोणते व्यवहार असिद्ध मानावेत हे सांगताना मद्यपान केलेला, वेडा, व्याधिग्रस्त, परतंत्र व बालक ह्यांच्या जोडीने अतिवृद्धाचाही उल्लेख केला आहे. वार्धक्याने मनुष्य व्यवहारास असमर्थ होऊ शकतो ही गोष्ट त्या काळीही न्यायासनापुढे आलेली असली पाहिजे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्यात शंखस्मृतीच्या आधारे असे सांगितले आहे की, पिता वृद्ध, विपरीतबुद्धी अथवा दीर्घरोगी झाला असता त्याच्या इच्छेवाचूनही मिळकतीची वाटणी होऊ शकते. नारदाने तर रोगाने ग्रासलेल्या किंवा क्रोधाच्या आहारी गेलेल्या पित्याला वाटणी करण्याचा अधिकारच नाकारला.

वेड्याला व जडबुद्धीच्या मनुष्याला जुन्या शास्त्राने वारसा नाकारला, हा त्या शास्त्राचा कठोर भाग होय. परंतु त्यालाही दोन मर्यादा होत्या. अशा मनुष्याला अन्नवस्त्र देणे हे कुटुंबाचे कर्तव्य ठरविले होते. आणि वाटणी होऊन एकदा हाती आलेला हिस्सा पुढे बुद्धी गेली म्हणून काढून घेता येत नव्हता. म्हणजे म्हातारचळ लागलेल्या मनुष्याची मिळकत त्याचीच राहत असे. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपुरती ही वारसाबंदी बहुतांशी दूर केली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग वा व्यंग ह्या कारणास्तव कोणालाही वारसा नाकारता येणार नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

परंतु शंखाच्या त्या वचनात एक धोकाही दडलेला आहे. पित्याची बुद्धी विपरीत झाली आहे हे ठरवावयाचे कोणी? वाटणीसाठी उतावीळ झालेल्या पुत्रांनी? शुद्धीवर नसलेल्या मनुष्याला लुबाडले जाण्याचे भय जेवढे खरे, तेवढेच शुद्धीवर असलेल्या मनुष्याला वेडा ठरविले जाण्याचे भयही खरे आहे. ह्या दुसऱ्या भयाचे मराठी मुलखातील सर्वांत गाजलेले उदाहरण कोल्हापूरचे होय.

कोल्हापूरच्या गादीवर १८७१ मध्ये दत्तक आलेले छत्रपती चौथे शिवाजी महाराज ह्यांची प्रकृती तारुण्याच्या उंबरठ्यावरच बिघडली. महाराजांना वेड लागले आहे असे सरकारचे म्हणणे होते. त्यांचा छळ होत आहे आणि वेडाच्या नावाखाली त्यांना दूर ठेवले जात आहे, असे लोकांचे म्हणणे होते. ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांनी हा पक्ष हाती घेतला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे ह्यांनी बदनामीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले गेले ती पत्रे बनावट ठरली आणि १८८२ च्या जुलैमध्ये टिळक व आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. महाराज मात्र परत गादीवर बसले नाहीत. १८८३ च्या डिसेंबरमध्ये अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांची बुद्धी खरोखर किती शाबूत होती हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. उघड चौकशी नव्हती, म्हणून अफवेला जागा मिळाली. आणि अफवेला जागा मिळाली, म्हणून बनावट कागदांनाही गिऱ्हाईक मिळाले.

सामान्य प्रजेसाठी मात्र त्याआधीच चौकशीची रीत घालून देण्यात आली होती. १८५८ च्या ३५ व्या कायद्याने जिल्हा न्यायालयांना असा अधिकार दिला की, एखादा मनुष्य बुद्धिभ्रंशामुळे आपल्या मिळकतीची व्यवस्था पाहण्यास असमर्थ आहे काय, ह्याची अर्ज आल्यावर चौकशी करावी आणि तसे आढळल्यास मिळकतीला व्यवस्थापक व देहाला पालक नेमावा. मिळकत आणि देह ह्यांची अशी फारकत करण्यात मोठे शहाणपण होते. हीच रीत १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्यात अधिक विस्ताराने आली. त्यात असे तत्त्व होते की, कायदेशीर वारसाला त्या व्यक्तीच्या देहाचा पालक नेमू नये. नेमणे तिच्याच हिताचे वाटले तर न्यायालयाने त्याची कारणे लेखी नमूद करावीत. हा नियम वाचताना परसोजीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नियम इंग्लंडातून आला. परंतु तो का हवा, हे नागपूरकरांना शिकवावे लागले नसते.

मध्य प्रांतात ह्याच्या जोडीला १८९९ चा कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा कायदा होता. मोठ्या मालगुजाराची किंवा जहागीरदाराची इस्टेट मालक अज्ञान अथवा विकल बुद्धीचा असल्यास सरकारच्या देखरेखीखाली येऊ शकत असे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली ही मोठीच गोष्ट झाली. परंतु मिळकतीच्या व्यवस्थेचा प्रश्नही त्याबरोबर वाड्यातून शेतकऱ्याच्या घरात आला, आणि शेतकऱ्याच्या पाठीशी कोर्ट ऑफ वॉर्ड्स नव्हते.

१९५६ च्या पुनर्रचनेने पांढुर्ण्याच्या लोकांचे न्यायालयही दूर नेले. १९३६ पासून नागपूर येथे उच्च न्यायालय होते. ते शंभर किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात जाऊन येण्यासारखे. पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. पण पांढुर्ण्याच्या माणसाला त्याचा उपयोग सीमेपलीकडील मिळकतीपुरताच. ज्याचा एक बगीचा पांढुर्ण्यास आणि दुसरा वरूड किंवा नरखेडकडे आहे, त्याचे कागदही दोन तऱ्हांचे. इकडे खसरा, पटवारी आणि नामांतरण. तिकडे सातबारा, तलाठी आणि फेरफार. मालकाची स्मृती शाबूत असेतो हे सारे त्याच्या डोक्यात नीट मांडलेले असते. ती ढळली की कोणता कागद कोठल्या पेटीत आहे, हेही सांगणारा उरत नाही.

ह्या स्मृती ढळण्याला आपल्याकडे फार दिवस रोग मानले गेले नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, आणि तिने जितके सांत्वन केले तितकेच नुकसानही केले. वय झाले की बुद्धी जावयाचीच, असा तिचा अर्थ घेतला गेला. वस्तुतः साठीनंतर बहुसंख्य माणसांची बुद्धी जात नाही. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्याने एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल विद्वत्सभेपुढे मांडले, आणि स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या विशिष्ट विकारांचा परिणाम आहे ही समजूत तेव्हापासून हळूहळू दृढ होत गेली. भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असावे, म्हणजे अशा व्यक्तींची संख्या सुमारे ८८ लाख असावी, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत काढण्यात आला. ह्याचा दुसरा अर्थ असा की, शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्धांना ती म्हण लागू पडत नाही.

हा विकार दबक्या पावलांनी येतो, आणि कायद्याच्या सर्व अडचणी त्यातूनच निर्माण होतात. संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकण्याची रीत ह्या भागात आहे. अशा वेळी एखादा सत्तर-पंचाहत्तरीचा बागायतदार एका व्यापाऱ्याकडून इसार घेतो, आठ दिवसांनी ते विसरतो आणि दुसऱ्याकडूनही इसार घेतो, अशी कल्पना करावी. गावात पहिल्यांदा त्याच्या सचोटीवर बोट ठेवले जाते, त्याच्या स्मृतीवर नव्हे. आयुष्यभर शब्दाला जागलेला माणूस लबाड ठरतो. घरच्या माणसांना कळते ते फार उशिरा. आणि कळल्यावरही लोक काय म्हणतील ह्या भीतीने ते झाकून ठेवण्याकडेच त्यांचा कल असतो. ह्या झाकण्याच्या काळातच कोऱ्या कागदांवर अंगठे उमटतात.

कायदा येथे काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार करताना ज्याला त्याचा अर्थ समजतो व आपल्या हिताहिताचा विचार करता येतो, तो मनुष्य शुद्धीवर आहे. एरवी भ्रमिष्ट असलेला मनुष्य मध्येच भानावर आला असता करार करू शकतो. एरवी शहाणा असलेला भान नसताना करू शकत नाही. सारा प्रश्न त्या घटकेपुरता आहे. ह्याच कायद्याने गैरवाजवी दडपणाची व्याख्या करताना वय, आजार वा क्लेश ह्यांमुळे ज्याची मनःशक्ती तात्पुरती किंवा कायमची क्षीण झाली आहे, अशा व्यक्तीशी केलेल्या व्यवहाराकडे विशेष संशयाने पाहिले आहे.

मृत्युपत्राचा नियमही ह्याच धर्तीचा आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात एक बोलके उदाहरण दिलेले आहे. एखाद्याला आपल्या आसपास काय चालले आहे ते कळते, ओळखीच्या प्रश्नांना तो उत्तरेही देतो. परंतु आपली मिळकत कोणती, आपले नातलग कोण आणि कोणाला देणे योग्य, ह्याची त्याला नीट समज नाही. असा मनुष्य वैध मृत्युपत्र करू शकत नाही. स्मृतिभ्रंशाच्या मधल्या अवस्थेचे ह्याहून नेमके वर्णन वैद्यकाच्या ग्रंथातही क्वचितच आढळेल. आल्यागेल्याला ‘या, बसा’ म्हणणारा, जावयाची विचारपूस करणारा वृद्ध पाहून शेजारी म्हणतात, काका अगदी ठीक आहेत. कायदा त्याहून खोल प्रश्न विचारतो.

मात्र ह्याचा उलट अर्थही ध्यानात ठेवला पाहिजे. रोगाचे निदान झाले म्हणजे त्याच दिवशी मनुष्याचा अधिकार संपतो असे नाही. आरंभीच्या अवस्थेत बहुतेकांना आपली मिळकत, आपली मुले व आपली इच्छा स्पष्टपणे ठाऊक असते. तोच काळ मृत्युपत्राचा. दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित केले पाहिजे. नोंदणी सक्तीची नाही, पण केल्यास पुढील वाद कमी होतात. ज्यांना काही मिळावयाचे आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये, मजकूर करणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत लिहिला वा वाचून दाखविला जावा, आणि त्याच दिवसाचा वैद्याचा दाखला सोबत असावा, ह्या साध्या खबरदाऱ्या होत. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ते पुढे आणणाऱ्यानेच न्यायालयाचे समाधान केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा ह्या खटल्यात १९५८ मध्ये सांगितले, आणि ते तत्त्व आजही मार्गदर्शक आहे. कागदावर अंगठा आहे एवढ्याने भागत नाही. तो अंगठा उमटविणारे मन जागे होते काय, हे पाहिले जाते.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे मृत्युपत्राची गरज नाही, हाही एक रूढ गैरसमज आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर ह्यांच्या वारसांतील वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी जो निर्णय दिला, त्याने शेअर व तत्सम गुंतवणुकीच्या बाबतीत हे स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारणारी असते, मालकी ठरते ती वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. ह्या जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांची स्थिती आणखी निराळी आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर निर्बंध घातले आहेत. भान हरपलेल्या गोंड वृद्धाच्या अंगठ्यापासून त्याच्या जमिनीला मिळणारे संरक्षण बहुधा ह्या संहितेतूनच येते.

सर्वांत मोठा खड्डा आहे तो मुखत्यारपत्राचा. आपले चालेनासे होईल तेव्हा थोरल्याने सर्व पाहावे, अशा हेतूने अनेक वृद्ध मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात आणि निश्चिंत होतात. परंतु करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारी देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारीही संपते. ज्या दिवसासाठी ती दिली त्याच दिवशी ती निरुपयोगी होते. इंग्लंडात हीच अडचण होती. तेथे १९८५ च्या कायद्याने बुद्धिभ्रंशानंतरही टिकणारी मुखत्यारी मान्य केली, आणि २००५ च्या कायद्याने तिची व्याप्ती वाढवून मिळकतीबरोबर औषधपाण्याचे निर्णयही तिच्या कक्षेत आणले. भारताच्या करार कायद्यात अशी तरतूद अद्याप झालेली नाही.

उलट जी जुनी वाट होती तीही मध्यंतरी बुजली. १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली. मिळकतीसाठी चौकशी करून व्यवस्थापक नेमण्याचे प्रकरण त्यातही होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाचे अधिकार पुष्कळ वाढविले. उपचारांविषयी पूर्वसूचना लिहून ठेवण्याची व आपला प्रतिनिधी निवडण्याची सोय दिली. परंतु मिळकतीच्या व्यवस्थेचे ते जुने प्रकरण मात्र नव्या कायद्यात घेतले गेले नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या कायद्याखाली जिल्हा न्यायालय मर्यादित पालक नेमू शकते. तो विशिष्ट निर्णयापुरता व त्या व्यक्तीच्या सल्ल्याने काम करणारा असावा अशी कल्पना आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या यादीत स्मृतिभ्रंशाचे नाव नाही. म्हणून अनेक कुटुंबांना शेवटी संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या बाबतीत पालक नेमण्याची रीत घालून दिली. पांढुर्ण्याच्या कुटुंबाला मात्र ह्यासाठी जबलपूरच गाठावे लागते, आणि आजारी माणसाच्या औषधाला त्याच्याच खात्यातील पैसे काढण्याकरिता वकील करावा लागतो.

ह्या सर्व कटकटींना कंटाळून पुष्कळ वृद्ध एक सोपी वाटणारी गोष्ट करतात. हयातीतच सर्व काही मुलाच्या नावे बक्षीस करून टाकतात. मृत्युपत्र बदलता येते. बक्षीसपत्र सहसा परत फिरत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने येथे एक दार उघडे ठेवले. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. परंतु अट सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बजावले. मध्य प्रदेशातीलच छतरपूरच्या एका मातेच्या खटल्यात २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हा कायदा उदार दृष्टीने वाचला व मुलाला दिलेले घर तिला परत देवविले. मुलाने तिच्या सांभाळाचे लेखी वचन दिले होते, असे तिचे म्हणणे होते. तो एक जादा कागद नसता तर काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

मग करावे काय? इतिहास जे सांगतो ते थोडक्यात असे आहे. बुद्धी शाबूत असताना मृत्युपत्र करावे, आणि ते झाकून न ठेवता निदान दोन विश्वासू माणसांना त्याचे ठिकाण सांगावे. मिळकत मोठी व गुंतागुंतीची असेल तर १८८२ च्या न्यास कायद्याखाली न्यास करता येतो. करणाऱ्याची बुद्धी पुढे गेली तरी न्यास टिकतो. दोन्ही राज्यांतील जमिनींची, देण्याघेण्यांची व खात्यांची एक यादी स्वतःच्या हाताने लिहावी. एका मुलाने पैसा पाहावा व दुसऱ्याने किंवा मुलीने औषधपाणी पाहावे, अशी वाटणी करून एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसेल असे करावे. आणि निदानाचा कागद हाती आला म्हणजे तो लपवू नये. कारण त्या कागदानंतरचे थोडे महिने हेच पुष्कळदा त्या मनुष्याच्या हातातले शेवटचे मोकळे महिने असतात.

मुलांनाही ह्यात संकोच वाटतो. वडिलांपुढे मृत्युपत्राची गोष्ट काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, अशी समजूत घराघरांत आहे. त्या संकोचामागील आदर खरा आहे; परंतु त्याचा परिणाम असा होतो की, वडिलांना स्वतःच्या इच्छेने बोलता येत होते तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही, आणि बोलता येईनासे झाल्यावर त्यांच्या वतीने सगळेच बोलू लागले. परसोजीला ती संधी कधी मिळालीच नाही. त्याची बुद्धी मुळातच दुबळी होती आणि त्याचे वय, त्याचा हक्क, त्याचे जीवित सारे दुसऱ्यांच्या हाती होते. आज वार्धक्याने ज्यांची स्मृती ढळू लागली आहे त्यांना ती संधी मिळालेली असते. सत्तर वर्षे त्यांनी बगीचा राखला, मुलींची लग्ने केली, उधारी फेडली, शब्द पाळले. त्या शहाणपणाचाच शेवटचा उपयोग आपल्या पश्चात काय व्हावे हे सांगण्यासाठी झाला, तर पुढे स्मृती गेल्यावरही घरातला कारभार त्यांच्याच इच्छेने चालेल, आणि त्यांचे नाव घेऊन दुसऱ्या कोणाची इच्छा चालणार नाही.